वर पाणी, खाली ताक

नर्मदाबाईनं नरसीच्या रस्त्यावर सत्यभामाबाईच्या ताकाच्या टपरीसमोरच ताकाचं दुकान मांडलं आणि सत्यभामाबाईच्या पोटात दुखायला लागलं. गिऱ्हाईक तिकडं वळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण सत्यभामाबाईचा स्वतःचा नवरा, संपतराव, रोज दुपारी बायकोच्याच माठासमोरून उठायचे आणि समोरच्या बाकड्यावर बसून मिशा पुसत ताक प्यायचे!

"तुझ्या ताकात वर पाणी, खाली गाळ," असं वर आणखी सांगायचे.

ताक ढवळायचं ओगराळं मांडीवर आणि डोळे समोर, अशी सत्यभामाबाई दिवसभर जळत बसायची. नर्मदाबाई नुसती हसली तरी हिच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

"टवळी ताकात कायतरी घालून राहिली," तिनं सुनेला सांगितलं.

सून अंजली दहावीच्या विज्ञानात नापास झालेली. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं म्हणून टपरीतच मिश्रणांचे प्रकार घोकत होती. सासूनं तिला समोरून गुपचूप एक ग्लास आणायला लावला आणि आपल्या ताकाशेजारी ठेवला. जरा वेळानं बघितलं तर दोन्हींत वर पाणी, खाली पांढरा थर.

"दोन्ही सारखीच, आत्याबाई," अंजली म्हणाली. "मीठ पाण्यात विरघळतं, ते द्रावण. ते खाली बसत न्हाई. ताक म्हंजी निलंबन. ढवळून राहिलं तवर एकजीव, ठेवलं की बसलं."

"मंग तिच्या माठात काहून बसत न्हाई?"

अंजली चाचरली. "त्यायचा हात माठात सारखा फिरून राहतो. तुमी तिकडंच बघून राहता. तुमचा हात कुठं हलतो?"

सत्यभामाबाईला आधी सुनेचा राग आला, मग स्वतःचा. मान खाली घालून ती ढवळायला लागली. समोर बघायचं नाही म्हणजे नाही! हळूहळू गिऱ्हाईक तिच्या माठापाशी थांबायला लागलं.

एके दुपारी संपतराव माठापुढं येऊन उभे राहिले.

"तिकडचं संपलं व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई. तिथं बसलो की तू दिवसभर माझ्याकडं बघायची. इतक्या वर्षांत घरात कधी एवढं बघितलं न्हाई. आता तू बघतच न्हाई, मंग तिथं बसून काय करू?"

सत्यभामाबाईला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. तिनं ओगराळं बाजूला ठेवलं, हाताची घडी घातली आणि ताक खाली बसेस्तोवर नवऱ्याला उन्हात उभं ठेवलं. मग वरचं पाणी तेवढं ग्लासात ओतून पुढं धरलं.