उजव्या कोपऱ्यातली चौकट

भाचीने बनवलेल्या खेळात मी नऊ दिवस एकाच दारासमोर उभा होतो आणि तिला रोज फोनवर सांगत होतो, छान चाललंय.

खेळ कॉम्प्युटरवरचा. भाची आणि तिचा एक सहकारी, दोघांनी दोन वर्षं खपून तयार केलेला. सहकाऱ्याला ती मुनी म्हणते, कारण तो दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतो. त्याने चित्रं काढली, हिने बाकी सगळं केलं. एका बेटावर टपाल वाटणारी एक बाई असते. तिच्या पिशवीत जुनी, पत्ते पुसट झालेली पत्रं असतात. पत्र उघडायचं, वाचायचं, ते कुणाचं असेल याचा अंदाज बांधायचा आणि त्या घराचं दार वाजवायचं. मारामारी नाही, घाई नाही. मला तो ऐकूनच आवडला होता.

शुक्रवारी तो खेळ विकणाऱ्या कंपनीच्या हाती द्यायचा होता. पहिल्या दिवशी हजारो लोक तो उघडतील आणि ज्यांना पहिल्या दिवशी जमणार नाही ते परत फिरकणार नाहीत, असं भाची म्हणायची. म्हणून त्याआधी ओळखीच्या पाच-सहा जणांकडून तिने तो खेळून घेतला. मी त्यांतला सर्वांत म्हातारा. माझ्याकडे खेळ देताना तिने एक गोष्ट मुद्दाम दाखवली होती. खेळातली अक्षरं आणि चौकटी हव्या तेवढ्या मोठ्या करता येतात, शंभर टक्क्यांपासून दोनशेपर्यंत. बाकी सगळ्यांचे डोळे तरणे. ही सोय वापरणारा मी एकटाच.

चौकट हा माझा शब्द. ती विंडो म्हणते. पत्र उघडलं की पडद्यावर एक विंडो येते, नकाशाची दुसरी, पिशवीची तिसरी. मी अडतीस वर्षं छापखान्यात पानं लावली आणि मुद्रितं तपासली, त्यामुळे ओळीने वेढलेलं काहीही मला चौकटच वाटतं. या चौकटी माउसने धरून कुठेही सरकवता येतात आणि खेळ ती जागा लक्षात ठेवतो. मला याचं फार अप्रूप वाटलं. पहिल्या दिवशी डोळे ताणून दोन पत्रं पोचवून झाल्यावर मी टपालाकडे दुर्लक्ष करून चौकटीच लावत बसलो. पत्राची चौकट मधोमध यायची, आणि मुनीने काढलेला समुद्र तिच्यामागे झाकला जायचा. मी ती उचलून वरच्या उजव्या कोपऱ्यात नेली आणि कडेला सेंटिमीटरभर समास सोडला. पान कसं मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरायला लागले, म्हणून अक्षरं दीडशे टक्के केली. मग तिसरं पत्र उघडलं. कागदाची सळसळ ऐकू आली आणि पुढे काहीच झालं नाही. समोर एका घराचं निळं दार, बाई दारात उभी, आणि पत्राचा पत्ता नाही. दार वाजवायचं बटण पत्राच्या चौकटीतच असतं. चौकट नाही तर दार नाही.

शहाण्या माणसाने तेव्हाच फोन केला असता. मला वाटलं, हेच कोडं असावं. न दिसणारं पत्र, किती सुंदर कल्पना. मी ती सळसळ पुन्हा पुन्हा ऐकली. कधी दोनदा होते, कधी तीनदा, असं मला वाटू लागलं आणि ते आकडे मी एका वहीत लिहिले. घरावरची कौलं मोजली. पाचव्या दिवशी लक्षात आलं की सळसळ दर वेळी सारखीच होती, मीच कधी कधी दोनदा बटण दाबत होतो.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर मी शीर्षक घातलं होतं, ‘माझ्या चुका’. ही सवय छापखान्यातली. दुसऱ्याच्या चुका काढायच्या त्या त्याच्या कागदाच्या समासात, आणि आपल्या आपल्या वहीत, कुणाला न दाखवता. खेळताना जे जे अडलं ते मी तिथे लिहीत गेलो. नकाशा उघडून पिशवी उघडली की नकाशा मिटत नाही. मला मिटवता येत नसावा. एका घराचं नाव दोन ओळींत तुटतं; मीच अक्षरं फार मोठी केली असावीत. असं करत एकोणीस नोंदी झाल्या. एकही भाचीला सांगितली नाही. तिला काय सांगणार, की तुझ्या मामाला दाराची कडी सापडत नाही?

आठव्या दिवशी मात्र कोड्यापेक्षा ती हरवलेली चौकटच डोक्यात घोळू लागली. ती नाहीशी झाली असेल तर सळसळ कशाची? आणि असेल तर कुठे आहे? मी अक्षरं परत शंभर टक्क्यांवर आणली. चौकट कोपऱ्यात जिथे ठेवली होती तिथेच, शहाण्या मुलीसारखी बसलेली. दीडशे केली, गायब. शंभर, हजर. मला लहानपणी काजवे बाटलीत पकडल्यावर व्हायचा तसा आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

शंभरावर ती वाचणं आता मला जमत नव्हतं, पण सगळा गुंता त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी होता. मी सव्वाशे करून पाहिलं. पडद्याच्या उजव्या कडेला पत्राची एक उभी पट्टी दिसली, प्रत्येक ओळीची सुरुवातीची अक्षरं तेवढी. म्हणजे चौकट लपत नव्हती. चालत होती.

मग कपाटातून पितळी पट्टी काढली. निवृत्त होताना छापखान्यातून मी एवढी एकच वस्तू मागून आणली होती. पडदा अठ्ठेचाळीस सेंटिमीटर रुंद. शंभर टक्क्यांना चौकटीची डावी कड पडद्याच्या डाव्या कडेपासून पस्तीस सेंटिमीटरवर. एकशे दहाला साडेअडतीस. सव्वाशेला पावणेचव्वेचाळीस. कागदावर मांडलं तेव्हा हसूच आलं. जेवढ्या पटीने अक्षरं वाढली तेवढ्याच पटीने डावीकडचं अंतरही वाढत होतं. दीडशेला ते साडेबावन्न होणार, आणि पडदा अठ्ठेचाळीसलाच संपतो. माझं पत्र पडद्याच्या बाहेर, टेबलावर ठेवलेल्या चष्म्याच्या घराजवळ कुठेतरी उघडत होतं.

हे मी वहीत नीट लिहिलं. आणि खाली लिहिलं: चौकट मुळात हलवायला नको होती.

गुरुवारी सकाळी भाची आली. चहा घेताना तिने विचारलं की किती पत्रं पोचली. मी म्हटलं, बरीच. तिने सुटकेचा श्वास सोडला. मोठ्या अक्षरांची तिला धास्ती होती, ती म्हणाली. पण मामा खेळतायत आणि काही बोलत नाहीत, म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिने मुनीलाही सांगितलं होतं. दुपारी ते दोघं खेळावरून शेवटचा हात फिरवून तो उद्या देऊन टाकणार होते.

माझा चहा हातातच राहिला. माझ्या गप्प बसण्याचा तिने असा अर्थ लावला असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्यासारखे अधू डोळ्यांचे किती लोक उद्या त्या निळ्या दारासमोर उभे राहणार, आणि सगळे स्वतःलाच बोल लावून खेळ बंद करणार, हे एकदम दिसलं. मी उठलो, वही आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

तिने शीर्षक वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. मग ती एकेक नोंद वाचत गेली. पस्तीस, साडेअडतीसवाल्या पानावर तिचं बोट थांबलं.

“मामा, तुम्ही अकरा दिवस इथेच आहात?”

“नऊ म्हण. पहिल्या दिवशी दोन पत्रं पोचवली, आणि काल मी खेळलो नाही.”

“आणि मला सांगत होतात, छान चाललंय.”

“मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

“तुम्हालाच खेळ का दिला, माहीत आहे?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दुखावलेला होता. “जन्मभर चुका काढल्यात म्हणून.”

“दुसऱ्यांच्या,” मी म्हटलं.

यावर तिला हसू आलं आणि मला जरा धीर आला. तिने लॅपटॉप उघडला. जागच्या जागी राहणाऱ्या चौकटी आपण जवळच्या कडेला बांधल्या आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण खेळणारा स्वतः हलवतो त्या चौकटींची जागा सरसकट डाव्या कडेपासून मोजलेली होती. बाकी कुणी चौकट कोपऱ्यात नेऊन अक्षरं वाढवलीच नाहीत, म्हणून कुणाला दिसलं नाही. दोन्ही करणारा एक मीच, आणि तो वहीत लिहीत बसला.

तिने विचारलं, छापखान्यात काय करायचात? मी सांगितलं की पानाचा आकार बदलला की उजव्या बाजूचा मजकूर डावीकडून कधी मोजत नसू. जी कड जवळ, तिच्यापासून समास धरायचा, म्हणजे पान कितीही लहान-मोठं झालं तरी मजकूर कडेला धरून राहतो. सांगताना मला उगाच वाटत होतं की हे तिला माहीतच असणार. होतंच. पण तिने ते माझ्याच शब्दांत एका कागदावर लिहून घेतलं. त्याखाली स्वतःची एक ओळ घातली: तरीही चौकट बाहेर गेलीच तर तिला आत ओढून आणायचं.

मग तिने मुनीला फोन लावला. त्या दिवसाची चारही वाक्यं त्याने एका दमात खर्च केली असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. दुपारपर्यंत ती माझ्याच टेबलापाशी बसून काम करत होती आणि मी दुसऱ्या खोलीत पुस्तक उलटं-सुलटं करत होतो. माझ्या एकोणीस चुकांपैकी सात खेळाच्या निघाल्या. मिटत नसलेला नकाशा त्यांतलाच. उरलेल्या बारा माझ्या, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मला ते बरं वाटलं. खेळ शुक्रवारी संध्याकाळी गेला, ठरल्यापेक्षा सहा तास उशिरा.

शनिवारी मी दुरुस्त झालेला खेळ उघडला. अक्षरं दीडशे. पत्र उघडलं, सळसळ झाली आणि चौकट वरच्या उजव्या कोपऱ्यात आली, मोठ्या, स्वच्छ अक्षरांत. पितळी पट्टी लावून पाहिली. समास सेंटिमीटरभर.

पत्र एका बाईने तिच्या भावाला लिहिलं होतं, आणि भावाचं नाव नेमकं पुसलेलं. मी दोनदा वाचलं. निळं दार वाजवलं. तिथे कुणी तसा भाऊ नव्हता. शेजारचं वाजवलं, त्याच्या पलीकडचं वाजवलं. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने मला चांगलंच झापलं. वही उघडली, पेन हातात घेतलं, आणि मग पेन खाली ठेवून फोन उचलला.

“चौकट दिसतेय ना?” तिने आधी तेच विचारलं.

“दिसतेय. वाचतापण येतेय. पण तो भाऊ कोण ते कळत नाही.”

ती हसली. तिथे सगळेच अडकतात, ती म्हणाली. अडकावं म्हणूनच ते पत्र तसं लिहिलं आहे, मुनी स्वतः त्याच्यापाशी दोन दिवस होता.

“सांगू का?”

“नको,” मी म्हटलं, आणि फोन ठेवून पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.