पहिला प्रश्न

बद्रीनाथनं मागून झडप घातली तेव्हा अपेक्षा ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होती. एका हातानं त्यानं तिचं तोंड दाबलं, दुसऱ्या हातानं दंड मुरगाळून पाठीशी नेला आणि तिला तशीच मागं ओढली. मेथीचं ताट खणखणत खाली आलं. तिनं कोपर मारला, पण तो त्याच्या बरगडीऐवजी कपाटाच्या कडेला बसला. मग टाच मारली, ती मात्र नेमकी नडगीवर लागली. कळ पार मस्तकात गेली तरी त्यानं पकड सोडली नाही.

"पर्स कुठंय?" त्यानं तिच्या कानाशी विचारलं.

तोंड दाबलेलं असताना ती बिचारी काय सांगणार? तिनं डोळ्यांनीच दाराकडं दाखवलं. पर्स खुंटीला लटकत होती.

"खुंटीला. म्हंजी मेलीस तू," असं म्हणत त्यानं तिला सोडलं.

अपेक्षा ओट्याला धरून खोकत राहिली. आवाज ऐकून भामा, त्याची बायको, गॅलरीतून धावत आली. तिनं आधी जमिनीवरची भाजी बघितली, मग पोरीचा लाल झालेला दंड.

"तुमचं डोस्कं फिरलंय का? पर्स गळ्यात अडकवून भाजी निवडायची का तिनं?"

"सवय लागली पायजे," बद्रीनाथ नडगी चोळत म्हणाला.

हे खूळ दिवाळीनंतर सुरू झालं. शेजारच्या कॉलनीतली एक मुलगी कंपनीच्या बसमधून पडेगावच्या फाट्यावर उतरली आणि घरी पोचलीच नाही. सकाळी ती वीटभट्टीमागं सापडली. जबडा मोडलेला, अंगावरचे कपडे फाटलेले, आणि एका मुठीत त्या माणसाचे उपटलेले केस. मूठ उघडायला डॉक्टरला बोटं एकेक करून सरळ करावी लागली म्हणे. पोरगी वाचली. पण गल्लीत चर्चा सुरू झाली ती, एवढ्या अंधाराची एकटी का उतरली, पर्समध्ये काही ठेवायला नको का, अशीच. ज्यानं जबडा मोडला त्याच्याबद्दल पहिल्या दिवशी सगळे तावातावानं बोलले. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीबद्दलच बोलू लागले.

अपेक्षाही त्याच फाट्यावर उतरायची. बिडकीनजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात ती लॅबमध्ये होती, घराण्यातली पहिली पदवीधर. बद्रीनाथचा तिच्यावर भारी जीव, आणि जीव जेवढा मोठा तेवढी भीती मोठी. त्यानं शहागंजचा बाजार पालथा घातला. तिथं मोबाइलच्या कव्हरांशेजारी आता डोळ्यांत मारायचे स्प्रे टांगलेले असत. त्यानं स्प्रे घेतला, पिन उपसली की किंचाळणारी शिट्टी घेतली, आणि किल्ल्यांना अडकवायची एक टोकदार लोखंडी दांडीही घेतली. मग सराव सुरू झाला. खरा माणूस काही सांगून येत नाही, म्हणून तोही सांगून यायचा नाही. न्हाणीच्या दारात, गच्चीवर, कपडे वाळत घालताना, कुठंही तो तिला धरायचा.

स्वतःसाठी त्यानं एकच नियम केला होता. मानेला हात लावायचा नाही. तिथं माणसाचा जीव असतो.

सगळी हयात त्यानं विजेच्या खांबांवर काढली होती, एका लाइनच्या ठेकेदाराकडून दुसऱ्याकडं. पट्टा, हातमोजे, हेल्मेट याशिवाय तो शिडीला पाय लावायचा नाही. पण घरात तो रंगवून सांगायचा ती गोष्ट वेगळीच होती. त्याचा जोडीदार कडुबा खांबावर असताना बंद केलेली लाइन मध्येच चालू झाली आणि कडुबाचा उजवा पंजा जळून गेला. ठेकेदाराचा साहेब आला आणि कडुबा खाली विव्हळत पडलेला असताना त्यानं पहिलं विचारलं, "हातमोजे घातले होते का?" बद्रीनाथनं त्याची गचांडी धरून त्याला खांबाला टेकवला. "हातमोज्याचं मागून बघू. लाइन कुणी चालू केली, ते सांग आधी!" त्यापायी नोकरी गेली, पण हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालं.

त्या रात्री जेवताना भामानं विषय काढलाच.

"सगळं आपल्याच पोरीच्या पर्समंदी भरताय. त्या नासक्यांच्या खिशात कुणी काय घातलंय का? त्यांच्या बापानं कधी धरून शिकवलंय त्यांना?"

"त्यांच्या खिशापतुर माझा हात पोचत नाय. पोरीच्या पर्सपतुर पोचतो."

"म्हणून तिलाच आपटायचं?"

"मी आपटली तर उठंल. दुसऱ्यानं आपटली तर?"

भामानं वाटी आदळली.

अपेक्षा भाताशी चाळा करत होती. "अण्णा," ती म्हणाली, "कंपनीत पण..."

"कंपनीचं सोड. तिथं गार्ड हायेत, कॅमेरे हायेत. धोका रस्त्यावर हाय."

तिनं मान डोलावली आणि ताट घेऊन उठली.

पुढच्या आठवड्यात तिचा सराव बिघडला. गच्चीवर तिला धरली तर ना कोपर, ना टाच. ती नुसती उभी राहिली, डोळे उघडे, नजर समोरच्या टाकीवर. बद्रीनाथनं तिला गदागदा हलवलं, तरी तिचं अंग सैलच.

"जीव नाय का अंगात? असं केलंस तर फाडून खातील तुला."

"दमलेय," एवढंच ती म्हणाली.

पोरगी कंटाळा करायला लागली, असं त्याला वाटलं. तो चिडला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तिला जास्तच जोरात धरली.

रविवारी दुपारी न्हाऊन आलेल्या अपेक्षाला भामानं पुढ्यात बसवलं. ती नको नको म्हणत होती, पण भामानं तेलाची वाटी घेतली आणि तिचे मोकळे केस मुठीत धरून वर उचलले. मग तिचा हात तिथंच थांबला. कानाखाली बोटांचे वळ होते, काळेनिळे, कडेनं पिवळे पडत आलेले. दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा ठसा होता.

"माणूस हाय का कसाई?" भामा नवऱ्याकडं वळून किंचाळली. "मान तरी सोडायची व्हती!"

बद्रीनाथ खुर्चीवरून उठला, जवळ आला, वाकून बघितलं.

"मी मानेला हात लावत नाय," तो म्हणाला.

अपेक्षानं आईच्या मुठीतून केस सोडवून घेतले आणि पुन्हा मानेवर ओढले.

एवढे दिवस तिच्या अंगावर जे जे उमटलं ते बद्रीनाथनं आपलंच धरलं होतं, आणि भामानंही. आपल्या वळांत दुसऱ्याचे वळ मिसळून गेले. काहीतरी विचारायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि विचार करायच्या आधीच शब्द बाहेर पडले.

"स्प्रे कुठं व्हता?"

अपेक्षानं मान वर केली नाही. "गेटवर. रंगाचा कारखाना आहे, अण्णा. तसले डबे आत नेऊ देत नाहीत. सकाळी जमा करते, जाताना परत घेते."

"आन् शिट्टी?"

"लॉकरमध्ये. पर्ससोबत."

"मग कोपर तरी..."

"मारला. तुम्ही शिकवलात तसाच मारला, बरगडीत. मग त्यानं माझं डोकं रॅकवर आपटलं. दोनदा. स्टोअरचं दार आतून लावलेलं होतं. मग त्यानं मान धरली." ती थांबली. ओल्या केसांतलं पाणी तिच्या मांडीवर ठिबकत होतं. "मान धरल्यावर काय करायचं, ते आपण केलं नव्हतं. मग मी उभी राहिले. नंतर गच्चीवर राहिले तशीच."

भामाच्या हातातली वाटी कलंडली. तेल फरशीवर पसरत गेलं, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं पोरीला मागून छातीशी घेतलं, तशी अपेक्षा दचकून पुढं सरकली, आणि मग आईच आहे हे कळल्यावर हळूहळू मागं टेकली.

"मला का नाय सांगितलं?" बद्रीनाथचा आवाज चिरकला.

"पहिलं हेच विचाराल, माहीत होतं." आता तिनं त्याच्याकडं बघितलं. "कडुबाकाकांचा पंजा गेला तेव्हा तुम्ही त्या साहेबाला काय म्हणाला होतात?"

हातवारे करून कितीदा सांगितलेलं ते वाक्य. या हातांनीच त्यानं गेला महिनाभर तिचं तोंड दाबलं होतं. तो तिच्यासमोर फरशीवर बसला आणि तिला दिसतील असे दोन्ही हात उघडे करून गुडघ्यांवर ठेवले.

"जरा लांब बसा, अण्णा," ती म्हणाली.

तो मागं सरकला. पाठ भिंतीला लागेपर्यंत सरकला. मग त्यानं विचारलं, "कोण व्हता त्यो?"