कोरड्या कातडीवर

ज्याला काहीच येत नाही तो विचारून करतो. ज्याला एक काम फार चांगलं येतं तो विचारत नाही, आणि नुकसानीचा मोठा आकडा नेहमी त्याच्याच नावावर निघतो. चौकातला न्हावी या दुसऱ्या गटातला. त्याच्या खुर्चीत गिऱ्हाईकं दाढी होता होता घोरायला लागत. वस्तरा फिरला की नाही, हे नंतर आरशात बघून ठरवावं लागे. लोकांनी त्याचं नावच 'अलगद' पाडलं होतं. वरवर तो नको नको म्हणायचा, पण रस्त्यापलीकडून कुणी तशी हाक मारली की दुसऱ्या हाकेपर्यंत मुद्दाम ओ द्यायचा नाही.

आज मात्र अलगदच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याची लेक दवाखान्यातल्या खाटेवर होती, आणि औषध लागू पडत नाही असं डॉक्टर नुकतंच सांगून गेले होते.

लेकीला घरी भिंगरी म्हणत. नाव पडलं तेव्हा ती खरंच एका जागी ठरत नसे. पुढे कळलं की तिचं रक्त गोठत नाही, आणि भिंगरीला बसून राहायला शिकवावं लागलं. कुठे आपटलं की आतल्या आत रक्त साचायचं. इंजेक्शन दिलं तर ती जागा तासन्तास दाबून धरावी लागायची. म्हणून तिच्यासाठी नवी चकती आली. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, आणि एका अंगाला औषधाच्याच बनवलेल्या इवल्या सुया. डोळ्याला दिसत नसत, पण बोट फिरवलं तर मांजरीच्या जिभेसारख्या लागत. चकती दंडावर दाबायची, सुया वरच्या कातडीत शिरून तिथेच विरघळणार. रक्त वाहतं तिथवर टोक पोचतच नाही. रोज एक, घरच्या घरी. लावायचं काम अर्थात अलगदचं, कारण टोकाची-धारेची कुठलीही वस्तू भिंगरी दुसऱ्या कुणाच्या हातून अंगाला लागू देत नसे.

रोज चकती लागत होती आणि हिरड्यांतून रक्तही रोज येत होतं. परवा बाकाचा कोपरा लागला आणि मांडी काळीनिळी झाली. दवाखान्यात आणल्यावर आज सकाळी सिस्टरनं डागाभोवती पेनानं रेघ ओढून ठेवली. दुपारपर्यंत डाग रेघ ओलांडून गेला.

"उद्या रक्त तपासतो," डॉक्टर म्हणाले होते. "सुधारणा नसेल तर चकत्या बंद कराव्या लागतील. मोजक्याच येतात, आणि बाकीची मुलं थांबली आहेत."

"आणि मग हिचं काय?" भिंगरीच्या आईनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "जपायचं."

पोरीचे अजून दुधाचे दात पडायचे होते. ते पडताना कसं जपायचं, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

दिवेलागणीला सिस्टर चकती घेऊन आली. पाकिटातली ही शेवटची.

"घ्या दादा, लावा."

"सिस्टर, जरा गरम पाणी मिळेल? आणि एखादा पंचा?"

"कशाला?"

"तयारीला."

"कसली तयारी?"

नवख्या गिऱ्हाइकाला समजवावं तशा शांतपणे अलगद म्हणाला, "कातडी आधी मऊ करावी लागते. गरम पंचा ठेवायचा, मग थोडं क्रीम चोळायचं, मग पुसून घ्यायचं. कोरड्या कातडीवर धार चालवली तर माणूस कळवळतो."

"यांच्या हाताला तोड नाही," आई म्हणाली. सकाळपासून तिला कौतुक करण्यासारखं एवढंच सापडलं होतं. "पोरीला कळतसुद्धा नाही. एकदा तर झोपेत लावली."

सिस्टर भिंगरीकडे वळली. "टोचत नाही तुला?"

"नाही. बाबा नुसती ठेवतात."

सिस्टर खाटेच्या कडेला बसली. "दादा, पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं?"

"स्वच्छ, कोरडी जागा. अंगठ्यानं दाबायची."

"मग?"

"पुसत होतो ना. चांगलं पुसत होतो."

न्हाव्याच्या लेखी पुसलेलं म्हणजे कोरडं. उभ्या जन्मात त्याला कुणी हटकलं नव्हतं.

"त्या सुया खडीसाखरेसारख्या असतात," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "ओल लागली की मऊ पडतात. मऊ सुई आत शिरेल कशी? औषध वरच्या वरच राहिलं."

चकती काढल्यावर दंड चिकट लागायचा, हे अलगदला आठवलं. पोरीला चिकचिक नको म्हणून तो ओल्या पंचानं निगुतीनं पुसून टाकायचा. एकाही संध्याकाळी चुकला नव्हता.

"म्हणजे औषधाचा दोष नव्हता," आई म्हणाली. ती नवऱ्याकडे न बघता बोलली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी लावते," सिस्टर म्हणाली, पण भिंगरीनं हात चादरीत ओढून घेतला. "बाबाच."

अलगदनं दंड हातात घेतला. कोरडा, करकरीत कोरडा. चकती ठेवली, वर अंगठा टेकवला, आणि अंगठा तिथेच अडला. सगळी हयात ज्या हाताला जोर लावू नको म्हणून शिकवलं, तो आता ऐकेना.

"दाबा," सिस्टर म्हणाली. "अजून. अहो, अजून."

"बाबा, टोचतंय."

वस्तरा लागलेलं गिऱ्हाईक बघतं तशी पोर त्याच्याकडे बघत होती. त्यानं अंगठा काढला नाही. सिस्टर पुरे म्हणाली तेव्हाच काढला.

"या एका चकतीनं उद्याचं रक्त सुधारायचं नाही," तिनं दाराशी बोलावून सांगितलं. "साहेब लिहितील की हिला लागू पडत नाही, आणि तो कागद पुढे जन्मभर हिच्या मागे लागेल. मी बोलले तर ती चुगली ठरेल. तुम्ही जा. ते निघालेत."

अलगद धावला. दिवसभर लोकांच्या डोक्यामागे उभं राहून बोलणारा माणूस तो. तोंडासमोर बोलायची सवयच नव्हती. जिन्यापाशी त्यानं डॉक्टरांना गाठलं.

"साहेब, औषध चुकलं नाही. मी चुकलो."

पंचा, क्रीम, चिकट दंड, त्यानं सगळं सांगितलं.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

डॉक्टर एक पायरी परत वर आले. "हे मला वर, चकत्या पाठवणाऱ्यांना, कळवावं लागेल. घरचे नीट लावत नाहीत, एवढंच ते वाचतील. पुन्हा हिला द्यायच्या की दुसऱ्या मुलाला, ते त्यांच्या हातात."

"बाप मूर्ख आहे असं कळवा. मी रोज इथं आणून लावतो, सिस्टरच्या डोळ्यांदेखत."

"आणि दुकान?"

"दुकान जाऊ दे चुलीत."

डॉक्टरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आत्ताच फोन करतो. पण हो म्हणतील असं धरून बसू नका. रात्री डाग वाढला तर लगेच हाक मारा."

तो परतला तेव्हा भिंगरीचा डोळा लागला होता. झोपेत ती पाय झाडत होती, आणि खाटेचा लोखंडी दांडा पायापासून वीतभरही लांब नव्हता.

"सांगितलंत?" आईनं विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"विचारतो म्हणाले."

ती उठली. अंगावरची शाल काढून दांड्याला गुंडाळायला लागली. शाल सारखी घसरत होती. त्यानं दुसरं टोक धरलं, आणि घट्ट ओढून गाठ मारली.