कानसेनाचे कान

गॅरेजात सगळे त्याला कानसेन म्हणायचे, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. टर्बो बसवलेली गाडी जागच्या जागी रोलरवर पळवायची, इंजिनाचा आवाज ऐकवणारा हेडफोन कानाला लावायचा, आणि आत पेट्रोल अवेळी भडकून पिस्टनवर घाव घालायला लागलं की ती बारीक ‘टिक’ सगळ्या गोंगाटातून टिपायची, हे त्याचं काम. टिक ऐकू आली की ठिणगी जरा उशिरा पाडायची, इंजिन वाचतं. निसटली, तर पिस्टनला भोक आणि मालकाच्या डोळ्यांत पाणी.

आज मालक होता त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पठ्ठ्याने वर्षभर घरच्यांची बोलणी खात इंजिन स्वतः खोललं होतं, नवे मजबूत पिस्टन घातले होते, मोठा टर्बो चढवला होता. त्या पिस्टनांच्या खडखडाटाने टिक पकडणारा गाडीचा मूळ सेन्सर पार गोंधळून गेला होता. सगळी भिस्त भाऊजींच्या, म्हणजे कानसेनाच्या, कानांवर.

आणि भाऊजींना गेले काही महिने कमी ऐकू येत होतं. हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. कान गेले तर खायचं काय, हा एक प्रश्न. आणि लोक काय म्हणतील, हा दुसरा, त्याहून मोठा. माणसाची अक्कल अशीच उलटी चालते.

कानसेनाने लॅपटॉपवर ठिणगी एक डिग्री लवकर घेतली. मेहुण्याने पुन्हा गाडी पळवली. हेडफोनमध्ये नुसती घरघर. पण पडद्यावरची ताकदीची रेघ जागची हलली नव्हती. ठिणगी लवकर पाडूनही ताकद वाढत नाही, म्हणजे आत काहीतरी बिनसलंय. मग टिक कुठे आहे? त्याने हेडफोन कानांवर आणखी दाबला.

“भाऊजी, अजून एक डिग्री?”

हो म्हणणं सोपं होतं. त्यासाठी त्याने तोंड उघडलंही होतं.

“नको. बंद कर गाडी,” तो म्हणाला. “तुझ्या ताईला बोलाव. मला ऐकू येत नाहीये.”

बायको पलीकडच्या खोलीत खोकी लावत होती. भावाने घाईघाईने सांगितलेलं ऐकून ती हात पुसत आली आणि काही न विचारता हेडफोन चढवून मागच्या सीटवर बसली. गाडी पळाली. अर्ध्यातच तिने नवऱ्याचा खांदा घट्ट धरला. मेहुण्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला.

“पत्र्यावर दाणे सांडल्यासारखं वाजलं,” ती म्हणाली.

कानसेनाने दोन डिग्री मागे घेतल्या, टर्बोचा दाबही थोडा उतरवला. “आता बघ.”

“गेलं. आता नुसती घरघर आहे.”

प्लग काढून बघितले. एकावर घावांची खूण, मिरपूड भुरभुरल्यासारखे चार ठिपके, बाकी स्वच्छ. छोटा कॅमेरा घालून आत डोकावलं, तर पिस्टन शाबूत. मेहुणा मटकन टायरवर बसला. कानसेनाच्या जिवात जीव आला. अजून एक डिग्री, आणि पोराचं वर्ष मातीत गेलं असतं.

मग त्याने भीतभीत बायकोकडे बघितलं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“झाले काही महिने.”

ती बॉनेटला टेकून हसायला लागली, आणि हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले.

“स्वयंपाकघरातून हाका मारते, तुम्ही ओ देत नाही. रात्री काही सांगायला जावं, तर पाठ करून गप्प. मला वाटलं, मी नकोशी झाले.”

“अगं, काहीतरीच काय.”

“नुसते बहिरे झालात होय,” ती म्हणाली, आणि तिने हुश्श केलं.