आजीबाईंना झोपव

सायकलचं चाक उचलून फिरवलं, की हात काढल्यावरही ते फिरत राहतं. चाक जितकं जड, तितका वेळ जास्त. विजेच्या जाळ्यालाही अशा जड चाकांचा आधार लागतो. पूर्वी तो मोठाल्या जनित्रांचा असे. आता वीज उन्हातून, वाऱ्यातून येते. ती स्वच्छ असते, पण तिला वजन नाही. कुठे काही बंद पडलं की जाळ्याचा ठेका, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी, झपाट्याने घसरते. फारच घसरली, तर अर्ध्या शहराची वीज आपोआप जाते.

ही घसरण मोजायचं काम नियंत्रण कक्षातल्या एका इंजिनिअर मुलीकडे होतं. तिच्या हिशेबाने जुन्या, कोळशावरच्या वीजकेंद्रातलं शेवटचं जनित्र नसलं तरी चालणार होतं. चाचणीत तसं दिसलं, की ते भंगारात जाणार. त्या केंद्राचा पाळीप्रमुख तिचा सख्खा मामा. जनित्राला तिथे सगळे आजीबाई म्हणत.

चाचणीच्या सकाळी तिने नियंत्रण कक्षातून फोन लावला.

"मामा, आजीबाईंना झोपव."

"झोपवलं, मोठ्या साहेब."

"टोमणे नंतर मार."

तिने पवनचक्क्यांचा एक गट मुद्दाम जाळ्यातून तोडला. पडद्यावरची रेघ घसरली, धोक्याच्या खुणेला जवळजवळ टेकली आणि सावरली. शेजारच्या सहकाऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला. भाची मात्र रेघेच्या तळावर बोट ठेवून आकडा पुन्हा वाचू लागली. तिच्या हिशेबात रेघ इतकी खाली येतच नव्हती.

"मामा, यंत्र पूर्ण थांबलंय ना?"

"थांबवायला कुठे सांगितलंस? वाफ तोडली, लाईनच्या विजेवर नुसतं फिरतंय. आमच्याकडे यालाच झोपवणं म्हणतात, बाई."

तिच्या लक्षात आलं. आजीबाई फिरत असताना ही गत. थांबल्या असत्या, तर रेघ खुणेखाली गेली असती आणि कितीतरी माणसं लिफ्टमध्ये अडकली असती.

"काही चुकलं का गं?"

"माझा हिशेब चुकला. उरलेल्या पवनचक्क्या सावरून धरतील असं मी गृहीत धरलं होतं. तेवढं त्यांच्याने होत नाही."

"मग आता?"

"आजीबाई राहतात. वाफ नको, कोळसा नको, नुसत्या फिरू देत. मी तसं वर कळवते."

 फोनवर आजीबाईंची घरघर ऐकू येत होती.

दुपारी ती केंद्रावर गेली आणि पाळीवरच्या एकेकाचा हात हातात घेऊन तिने आभार मानले. फिटर लाजून तेलकट हात फडक्याला पुसत राहिला.

"आमचे कसले आभार?" मामा म्हणाला. "आम्ही फक्त तुझं ऐकलं."

"ऐकलं नाहीत, मामा. म्हणून तर मानतेय."