चौथ्या शीलाचा खोकला

आमच्या घरात डबाबंदी सुरू झाली ती माझ्या गणिताच्या मार्कांमुळे, असं आजोबा सांगतात. साफ खोटं. शंभरपैकी एक्केचाळीस म्हणजे काही नापास नव्हे. पण माझे आजोबा आनंदराव फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांना कारण मिळायचा अवकाश, हुकूम तयारच असतो.

हुकूम असा: संध्याकाळी सातला आपापले फोन पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे, मग तिघांनी बुद्धवंदनेला बसायचं, आणि फोन परत मिळणार नऊला.

"रूल सबके लिए एक," आजोबा म्हणाले. "मी पण, सूनबाई पण, आणि धम्मदीना, तू पण. सात ते नऊ माणसांनी माणसांशी बोलायचं."

ऑफिसातून दमून आलेल्या आईने लगेच मान डोलावली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

माझा जीव मात्र आठच्या ठोक्यात अडकलेला. माझी जिवाभावाची मैत्रीण रुची, वडिलांच्या बदलीमुळे गेल्या वर्षी महूला गेली. जाताना आम्ही शपथ घेतली होती: रोज बरोबर आठला एकमेकींना फोटो पाठवायचा, त्यावर दिवसाचा आकडा लिहायचा. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून. आकडा तीनशे ऐंशीवर आला होता. तो तुटला तर रुची मला विसरून जाईल, अशी मला खरोखर भीती वाटायची.

म्हणून मी कपाटातला एक मेलेला फोन काढला, त्याला माझं गुलाबी कव्हर चढवलं आणि तो डब्यात ठेवला. खरा फोन बाथरूममध्ये, टॉवेलच्या घडीत. आठला माझ्या पोटात कळ आली की काम फत्ते.

अडचण एकच होती. फोन ठेवले की लगेच त्रिशरण-पंचशील म्हणायचं, आणि त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी काही संत नाही, पण एवढी बेशरमही नाही. चौथ्याला मी नुसते ओठ हलवू लागले.

आठवडाभराने लक्षात आलं की आजोबांना खोकला झालाय. पहिली तीन शीलं परेडच्या मैदानावरच्या आवाजात, चौथ्याला खोकला, पाचव्याला पुन्हा गळा खणखणीत! आईची तऱ्हा आणखी वेगळी. तिला नेमकी चौथ्यालाच उदबत्ती सरळ करायची असायची.

मंगळवारी आजोबांचा खोकला वेळेवर आलाच नाही. आई उदबत्तीकडे वळलेली, माझे नुसते ओठ हलताहेत, आणि चौथं शील कुणीच म्हटलं नाही. घरात फक्त पंख्याचा आवाज. तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"पहिल्यापासून," आजोबांनी फर्मावलं.

पुन्हा म्हटलं. चौथ्याला पुन्हा पंखाच. तेवढ्यात आजोबांच्या बंडीच्या खिशातून एक बाई लाडात म्हणाली, "अब आपकी बारी!"

"आजोबा!" मी किंचाळले.

"वो... शंकररावसोबत ल्यूडो आहे," हवालदारसाहेबांचा आवाज पार बसला होता. "माझ्या पलटणीतला दोस्त. महूत एकटा असतो बिचारा."

मी तडक डबा उघडला. आजोबांच्या कव्हरात साबणाची वडी निघाली. "वजन बराबर पाहिजे ना," ते पुटपुटले. आईच्या कव्हरात टीव्हीचा जुना रिमोट.

"माझा फोन तूरडाळीत आहे," आई म्हणाली. "दिवसभर ऑफिसात लोकांची किटकिट ऐकते हो बाबा. घरी आल्यावर अर्धा तास कुणी बोलूच नये असं वाटतं. रील बघते, और क्या!"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने टॉवेल आणला.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण आजोबा शेवटी आजोबाच. रुचीची सगळी हकिगत ऐकून त्यांनी विचारलं, "एवढे दिवस रोज फोटो? मग कशी आहे रुची?"

मी फोन उघडला. फोटो वर-खाली केले. छताचा पंखा, अर्धं कपाळ, उशी, पुन्हा पंखा. माझेही तसलेच.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि मला रागच आला. "आणि तुमचे शंकरराव कसे आहेत?"

आजोबांनी खिशातला फोन काढून ल्यूडोचा पट पाहिला. "काल त्याला लागोपाठ दोन सहा पडले," ते म्हणाले.

रविवारी आम्ही दोघं महूच्या बसमध्ये बसलो. आई घरी राहिली. कुणी बोलायला नको होतं तिला, ते आयतंच मिळालं.

मला रुचीच्या दारात सोडून आजोबा शंकररावांकडे गेले. रुची पलंगावर बसली होती आणि तिचा उजवा पाय प्लास्टरमध्ये. तीन आठवडे झालेले!

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? फालतूमध्ये पंखे पाठवत होतीस!"

"आणि तू काय पाठवत होतीस गं? कपाळ!"

इतक्या जोरात भांडलो की तिची आई धावत आली आणि आम्हाला गप्प करायला कचोऱ्या देऊन गेली. मग मी प्लास्टरवर आमच्या गणिताच्या सरांचं चित्र काढलं, रुचीने त्यांना शिंगं काढली. गप्पा थांबेनात. शेवटी आजोबा न्यायला आले.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर मी घड्याळ पाहिलं. पावणेनऊ! आठ कधीच वाजून गेले होते. तीनशे पंचाण्णव दिवसांचा आकडा तुटला, तोही मी रुचीच्या शेजारी बसलेली असताना.

तेवढ्यात तिचा फोटो आला. यात पंखा नव्हता. अख्खी रुची होती, दात काढून हसणारी, आणि प्लास्टरवर सरांच्या शिंगांशेजारी तिने मोठ्ठा १ लिहिला होता.

"आकडा गेला वाटतं," आजोबांनी वाकून पाहत विचारलं. "वाईट वाटलं?"

"छे!" मी म्हटलं. "बिलकुल नाही."

आजोबा माझ्याकडे न बघता खोकले. मग मात्र मला रडू आवरेना.