तिऱ्हाईत वाचक

निपाणीत आमच्या गल्लीच्या टोकाला ख्रिस्ती मंडळींचं लहानसं प्रार्थनागृह आहे. त्यांची एक रीत आहे. शास्त्रातल्या एखाद्या उताऱ्यावरून दोन बाजू भांडायला लागल्या, की तो उतारा त्यांच्यापैकी कुणी वाचायचा नाही. वाचणारा ज्या शब्दावर जोर देतो तिकडे अर्थ झुकतो, म्हणून बाहेरचा माणूस बोलावतात. त्याने दोन्ही बाजूंचे उतारे सपाट आवाजात वाचायचे आणि शेवटी आपल्याला काय समजलं ते एका शब्दात सांगायचं. तो शब्द सेक्रेटरी नोंदवहीत लिहितो आणि वाद मिटतो.

बारा वर्षं तो बाहेरचा माणूस मी आहे. मी जैन, एका कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल. मला का निवडलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विद्वत्तेसाठी असेल असं वाटत नाही. माझी बायको प्रेमला म्हणते, “घराला आग लागली तरी तुम्ही रेडिओवरच्या बातम्यांसारखं सांगाल.” बहुधा तेच कारण असावं.

गेल्या फेब्रुवारीत बेळगावहून आदर्श सर आले. वय पस्तिशीचं, प्रोजेक्टर सोबत, आणि प्रत्येक वाक्याला टक्केवारी. बायबलमधली जुनी भविष्यं इतिहासात अक्षरशः खरी ठरली, शंभर टक्के, असं त्यांचं व्याख्यान होतं. ते दर महिन्याला व्हावं अशी तरुण मंडळींची इच्छा होती. पण मध्ये योनाथान मास्तर होते.

मास्तर माझे चाळीस वर्षांचे मित्र. दर रविवारी दुपारी ते प्रार्थनागृहात वर्ग घेत. आयुष्यात कधी शाळेत न गेलेल्या बायकांना त्यांनी शास्त्र समोर ठेवून वाचायला शिकवलं. गुणाबाई साठाव्या वर्षी शिकली आणि आता दुकानांच्या पाट्यांतल्या चुका काढते. मास्तर या वर्गात सांगत, की भविष्य म्हणजे पंचांग नव्हे. संदेष्टा रागाने, दुःखाने बोलतो, त्याचा हिशेब तारखांनी करू नये. आदर्श सरांच्या मते ही अश्रद्धा होती. कमिटीने ठरवलं, एका भविष्यावर समोरासमोर वाद होऊ दे. ते जसं लिहिलंय तसं घडलं असं ठरलं, तर वर्ग आदर्श सरांच्या माणसाकडे जाईल. नाही ठरलं, तर मास्तरांकडेच राहील.

भविष्य होतं सोर नावाच्या बंदराचं. मी पहिला उतारा वाचला. बाबेलचा राजा घोडे, रथ घेऊन येईल, तट फोडील, संपत्ती लुटील, दगडमाती समुद्रात जाईल, नगर पुन्हा कधी बांधलं जाणार नाही.

आदर्श सरांनी पडद्यावर नकाशा आणला. “बाबेलच्या राजानं तेरा वर्षं वेढा घातला. पुढं अडीचशे वर्षांनी सिकंदर आला. त्यानं किनाऱ्यावरच्या जुन्या नगराचे दगड समुद्रात टाकून बेटावरच्या सोरपर्यंत बांध घातला आणि ते लुटलं. दगड पाण्यात! शब्द न् शब्द! शंभर टक्के!”

टाळ्या पडल्या. मास्तर उठले.

“सर, लुटणार कोण म्हटलंय? बाबेलचा राजा. लुटलं कुणी? सिकंदरानं. घोडं एकाचं आन् वरात दुसऱ्याची?”

“मास्तर, ‘पुष्कळ राष्ट्रं येतील’ असंही म्हटलंय. सिकंदर त्यात येतो.”

“आन् पुन्हा बांधणार न्हाय म्हणलेलं नगर? सोर आजबी हाय की. लोक राहत्यात, बाजार भरतो.”

“ते नवं सोर. जुनं किनाऱ्यावरचं होतं, ते गेलं.”

“म्हंजे लुटताना बेट, आन् उजाड पडताना किनारा. सर, ह्या हिशेबानं आमचीबी भविष्यं खरी झाली म्हणा की. माझ्या बापाला पुढारी सांगून गेलते, पुढच्या साली निपाणी महाराष्ट्रात जाणार. मला सांगून गेले. माझ्या लेकाला सांगून गेले. आता कोल्हापूरची एस.टी. रोज स्टँडावर येती. म्हंजे महाराष्ट्र निपाणीत आला! शब्द न् शब्द!”

कमिटीतले म्हातारेसुद्धा हसले. आदर्श सर मात्र हसले नाहीत. “इथं राजकारण नको,” ते म्हणाले.

“बरं, न्हाय आणत. शांतिनाथ, तीन पानं पुढं जा. तिथनं वाच.”

मी वाचलं. तोच संदेष्टा, बरीच वर्षं उलटल्यावर. बाबेलच्या राजाने सोरपुढे आपल्या सैन्याकडून अतोनात कष्ट करून घेतले, ओझ्यांनी सगळ्यांच्या डोक्यांना टक्कल पडलं, खांदे सोलवटले, आणि तरी सोरकडून त्याला काहीही मिळालं नाही. म्हणून त्याला आता मिसर देश मिळेल. माझा आवाज सपाटच होता. लूट मिळाली नाही हे संदेष्ट्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. लपवलं नव्हतं. मला तो माणूस फार आवडला. आपलं चुकलेलं वाक्य त्याने खोडलं नाही, खाली दुसरं लिहिलं.

“तर वाचक आप्पा,” सेक्रेटरी म्हणाले, “जसं लिहिलंय तसं झालं का?”

उत्तर दोन अक्षरी होतं : नाही. मास्तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, इतकी त्यांना खात्री होती. समोर साठ माणसं. पहिल्या रांगेत आदर्श सर हात बांधून, ओठांवर हसू. माझ्या मनात आलं, मी बाहेरचा, यांच्या शास्त्रावर निकाल देणारा मी कोण? या विषयावर मी पाच पुस्तकं वाचली असतील, त्यांच्यापलीकडे सहावं असेल तर? आणि मग आमच्या धर्मातली सगळ्यात उंच गोष्ट मी दडायला वापरली.

“आमच्यात स्याद्वाद म्हणतात, एका गोष्टीकडे सात वाटांनी बघायचं,” मी म्हणालो. “एका दृष्टीने झालं. एका दृष्टीने झालं नाही. एका दृष्टीने... सांगता येत नाही.”

“एका दृष्टीनं झालं!” आदर्श सर उठलेच. “जैन बांधवानंसुद्धा मान्य केलं!”

सेक्रेटरींनी नोंदवहीत लिहिलं : झालं. एका शब्दाचीच रीत होती.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. बोलली गुणाबाई, मागच्या रांगेतून.

“आप्पा, आत्ता तुमीच वाचलासा न्हवं, त्याला कायबी मिळालं न्हाय म्हणून? मला कळलं. साठीत अक्षर वळखाय लागलेल्या बाईला कळलं. तुमी ती एवढी कपाटं कुणासाठी वाचलीसा? वाळवीसाठी?”

घरी प्रेमलाने ताट वाढलं. हॉलमधली बातमी माझ्याआधी पोचली होती. मी म्हटलं, भूक नाही.

“एका दृष्टीनं हाय, एका दृष्टीनं न्हाय,” ती म्हणाली आणि आमटी वाढली. “देवांनी सात वाटा सांगितल्या त्या सत्याकडं जायला. तुम्ही सातव्या वाटेनं पळून आला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी नोंदवही घेऊन आले. वाचकाची सही लागते. मी ती ओळ तीनदा वाचली आणि म्हणालो, “हे माझं मत नाही. झालं नाही, असं लिहा. मग सही करतो.”

“आप्पा, हे काल बोलायचं व्हतं.”

“काल चुकलं.”

“वर्ग दिला की आम्ही. किल्ली गेली त्यांच्याकडं.” ते वही मिटत म्हणाले, “ऱ्हाऊ दे सही. साठ जणांनी ऐकलंय.”

माझ्या नकाराची किंमत एवढीच झाली. ते चहाला बसलेसुद्धा नाहीत.

रविवारी दुपारी मी गुणाबाईच्या घरी गेलो. मास्तरांचा वर्ग तिथे सोप्यात बसला आहे हे प्रेमलाने भाजीवालीकडून काढलं होतं. प्रार्थनागृहात वीस बायका असत. इथे सात होत्या. मास्तर खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि पुस्तकाचं पान उलटलं.

“योनाथान,” मी म्हणालो, “ते झालं नाही. जसं लिहिलंय तसं झालं नाही.”

“हे मला सांगाय आलास व्हय? मला म्हाईत हाय. मला कुठं तुझ्याकडनं शिकायचं व्हतं?”

“मग काय करू?”

“काय करणार तू? तुला बोलवायचंच मुळात चुकलं. तुझा आवाज सपाट म्हणून बोलवला. मला वाटलं, आवाज तेवढाच सपाट असंल.”

बायका खाली बघत होत्या. मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात गुणाबाईने भिंतीकडचं पोतं ओढून अंथरलं.

“बसा आता, आल्यासारखं. शेजारची मंगल आजपास्नं याय लागलीया, तिला अजून ‘क’ न् ‘फ’ वळखाय येत न्हाय. तेवढं तरी सांगाल का, कुठला कुठला म्हणून? का त्यातबी सात वाटा हाईत?”

मी बसलो. मंगलने पाटी पुढे केली आणि एका अक्षरावर बोट ठेवलं.

“फ,” मी म्हणालो.

मास्तरांनी मान वर केली नाही, पण पुढची ओळ वाचायची सोडून ते माझं उत्तर ऐकायला थांबले होते.